पाठवणीचा सांधा

खालचा कोंड, रत्नागिरी
ता. १८ नोव्हेंबर १९३५

चि. महिपत,

आशीर्वाद आहेतच, ते लिहीत बसायला आज माझं डोकं ठिकाणावर नाही. तू खुशाल आहेस का हेही विचारत नाही, कारण आठ दिवसांपूर्वी तुझं नाव पडद्यावर वाचलं. घरी चार महिने कागदाचा कपटा नाही, आणि तिथे मात्र हातभर अक्षरांत 'संगीत : मिंगेल मास्तर व महिपतराव'. राव कधी झालास रे? इथून गेलास तेव्हा नुसता महिपत होतास, आणि सदरा काखेत उसवलेला होता.

मैदानावर सिनेमाचा तंबू आला आहे. 'कांचनद्वीपची राणी' लागला हे कळल्याबरोबर मीच सगळ्या कोंडात सांगत सुटले की माझ्या धाकट्या भावाचा, महिपतचा बोलपट आहे. ही पहिली चूक माझी. सत्तावीस माणसं निघाली, तीन मैल चालत. बाबा नको म्हणत होते. सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही, त्याचं गाणं मला कशाला, म्हणाले. तरी मी त्यांना ओढून नेलं. ही दुसरी चूक.

अर्धा बोलपट ठीक चालला होता. नाचणाऱ्या बायका होत्या, गलबतं होती, आपली शेजारीण कमळा त्या राजकन्येच्या दागिन्यांवर नजर लावून बसली होती. मग ती राजकन्या नवऱ्याच्या गलबतात चढते आणि तिचा बाप, राजा, धक्क्यावर एकटा उभा राहतो. आणि सनई लागली. पहिल्याच सुराला मी ओळखलं. देवीची पाठवणी.

मुंबईत राहून विसरला असशील तर आठवण करून देते. पाठवणी वर्षातून एकदा वाजते, शिमग्याच्या शेवटी, देवीची मुखवट्यांची रूपं पालखीतून उतरवून पेटीत ठेवतात तेव्हा. ती सुरू झाली की टोपी काढायची, देवीला पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे सरत देवळाबाहेर पडायचं, आणि आपल्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एरवी ती वाजवायची नाही. शिकायची तीसुद्धा दोन तुकड्यांत, पुढचा तुकडा घरात आणि मागचा खाडीवर. दोन्हींच्या मधला सांधा बापाने मुलाच्या कानात सांगायचा तो थेट त्या दिवशी, देवळात. वर्षातून एकदा ढोलांच्या गजरात नुसता ऐकून तो कुणाला उचलता येत नाही. हे तुला मी सांगायला हवं?

तर तुझ्या बोलपटात ती सुरू झाली आणि आपली माणसं उठली. कुणी कुणाला सांगितलं नाही, अंगातच आहे ते. सत्तावीस माणसांनी टोप्या काढल्या, पदर सावरले आणि पडद्याकडे तोंड करून मागे सरायला लागली. मागे बाकांवर बाजारातली मंडळी बसली होती. त्यांच्या पायांवर पाय, मांड्यांवर माणसं, शिव्या. तंबूत साप निघाला असं कुणीतरी ओरडलं, मग तीही पळाली. तंबूचा मालक बाहेर धावत आला आणि एकेकाला धरून विचारू लागला, काय झालं, कुणीतरी सांगा. सांगणार कोण? सत्तावीस माणसं हात जोडून मुकी. बिचारा रडकुंडीला आला. आम्ही तसेच तीन मैल मुक्याने चालत घरी आलो. त्या राणीचं पुढे काय झालं ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

बाबा आमच्यासारखे मागे सरले नाहीत. मध्येच, ती शेकडो व्हायोलिनं वाजायला लागली तेव्हा, ताडकन उठले, पडद्याकडे सरळ पाठ केली आणि निघून गेले. तेव्हापासून माझ्याशीही धड बोलत नाहीत. भाकरी वाढली तर खातात, नाही वाढली तर तसेच बसतात.

मी रडले असं तुला कुणी लिहिलं असेल तर ते खोटं आहे. तंबूत लोक विड्या ओढतात, डोळ्यांत धूर जातो.

काय केलंस हे? उलट टपाली कळव.

तुझी बाय,
गोदा


खालचा कोंड
ता. २१ डिसेंबर १९३५

चि. महिपत,

तुझं पत्र आणि पार्सल दोन्ही पोचलं. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझा पारा चढला.

तू लिहितोस, हा हिंदुस्थानी आणि विलायती संगीताचा संगम आहे. असेल. मिंगेल मास्तर गोव्याचे, देवमाणूस, कानाने ऐकलेलं कागदावर ठिपक्यांनी उतरवतात, आणि मग चाळीस माणसं ते ठिपके बघून एकदम वाजवतात, एकही चुकत नाही. न चुकोत. मी शेकडो व्हायोलिनं म्हटलं तर तू मला दुरुस्त केलंस की सगळी मिळून चाळीस माणसं आहेत, त्यांत पितळी कर्णेवालेही आले. बरं. माणसाएवढं एक व्हायोलिन मांडीत धरून वाजवतात त्याचं चित्रही काढून पाठवलंस. चित्र बघून राग विसरायला मी काय लहान आहे? आपल्याकडे चालींचा काय दुष्काळ पडला होता? लग्नाच्या आहेत, हळदीच्या आहेत, पालखी नाचवायच्या आहेत. त्यातली एखादी द्यायची त्या चाळिसांना. नेमकी पाठवणीच का?

'राजाचा चेहरा बघितला आणि मला दुसरं काही सुचेचना.' हे काय उत्तर झालं?

आणि वर हे, की पाठवणी कोंडातली दोनशे माणसं ऐकत होती, आता लाखो ऐकतात. देवीने तुला येऊन सांगितलं होतं का, लाखांना ऐकव म्हणून?

आता इकडचं ऐक. तंबूतला प्रकार मानकऱ्यांच्या कानावर घालायची गरजच पडली नाही, कारण आत्माराम मानकरी स्वतः त्या सत्तावीस जणांत होते आणि कुणाचा तरी पाय त्यांच्याच टोपीवर पडला. देवळात बैठक बसली. देवीला कौल लावला, फूल उजवं पडलं. ठरलं ते असं, की ज्याने पाठवणी बाहेर वाजवली त्यानेच या शिमग्याला येऊन ती देवळात वाजवायची. तो आला नाही तर सनईचा मान आपल्या घरातून जाणार आणि खाडीपलीकडच्या सनईवाल्यांना मिळणार. त्यांच्याशी बोलणीसुद्धा होऊन बसली आहेत.

बाबा वाजवू शकत नाहीत. हे तुला ठाऊक नसणार, कारण बाबांनी मला शपथ घातली होती. पुढचे चार दात गेले, दम पुरत नाही. गेल्या शिमग्याला मागच्या तुकड्यात दोनदा सूर तुटला. लोकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. यंदा करणार नाहीत. आणि मान गेला तर बाबा जगतील, पण कसे जगतील ते मला रोज बघावं लागेल.

तेव्हा तू यायचं आहेस. शिमग्याचा शेवटचा दिवस १४ मार्च. बोलपट, मास्तर, चाळीस माणसं, सगळं चार दिवस बाजूला ठेव.

पार्सलातल्या त्या पाठवणीच्या तबकडीचं मी काय करू? 'बाबांना ऐकव' म्हणतोस. आपल्या घरात फोनो नाही, आणि असता तरी माझी छाती झाली नसती. तांदळाच्या कणगीत खुपसून ठेवली आहे.

बाय


खालचा कोंड
ता. ३० जानेवारी १९३६

महिपत,

'येणं जमणार नाही. फारच अडलं तर देवळात तबकडी लावा.'

हे तू लिहिलंस, स्वतःच्या हाताने, शाईने. देवी पेटीत जाताना समोर फोनोचा कर्णा धरून कोण उभं राहणार, मी? आणि मध्येच चावी उतरली तर? देवीला सांगायचं का, बाई जरा थांब, चावी देते?

पण त्याच्या खाली जे लिहिलंस ते खोटं नाही, हेही कबूल करते. तो दिवस मीही विसरलेले नाही. तू एकोणीस वर्षांचा, नवं धोतर नेसून देवीसमोर उभा. दोन्ही तुकडे चोख बसलेले. बाबांनी कानात सांधा सांगायचा तेवढा राहिला होता. बाबा तुझ्या कानाशी वाकले, आणि काही न सांगता साऱ्या गावासमोर तुझ्या हातातली सनई काढून घेतली. 'अजून तयार नाय,' एवढंच म्हणाले. तू त्याच संध्याकाळी आगबोटीवर चढलास. आता विचारतोस, ज्याला सांधाच दिला नाही त्याने देवळात वाजवायचं काय? अर्ध्यावर थांबून लोकांना हसू द्यायचं?

मी बाबांना विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं, की महिपतला सांधा का नाही दिलात. त्यांनी कूस बदलली आणि घोरायला लागले. एवढ्या पटकन कुणाला झोप लागते? तुम्ही दोघं एका मातीचे, आणि मध्ये मी भरडली जाते. आमचे हे बोटीवर खलाशी, वर्षाने एकदा घरी येतात, तरी या घरात माझं सगळ्यात जास्त बोलणं त्यांच्याशी होतं.

आता एक गंमत सांगते, गंमत म्हणायची असली तर. तबकडी कणगीतून नाहीशी झाली. मी आधी शिवाकाकाला धरलं. बाबांच्या शेजारी उभा राहून दुसऱ्या सनईवर जन्मभर एकच एक सूर धरणारा माणूस, तो कशाला घेईल? पण धरलं. त्याने देवीची आण घेतली. मग कमळा हसत हसत आली. बाबा म्हणे रोज दुपारी बंदरावरच्या चहाच्या हॉटेलात असतात. सदऱ्याच्या आतून तबकडी काढतात आणि हॉटेलवाल्याला त्याच्या फोनोवर तीच एक बाजू लावायला लावतात. पाच पाच वेळा. गिऱ्हाइकं कंटाळून उठून जातात. आणि ऐकता ऐकता एका जागी हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. कुठे? दोन तुकड्यांच्या मध्ये. जिथे तुमची व्हायोलिनं लागतात तिथे.

दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा सदऱ्याच्या आत थाळी घातल्यासारखं दिसत होतं. मी चुलीत लाकूड सारत बसले. जेवताना बाबा सहज विचारल्यासारखं म्हणाले, 'गोदे, ते मधलं कुणाचं हाय? त्या गोव्याच्या मास्तराचं, की याचं?'

मी म्हटलं, तुम्हीच पत्र घाला. तर म्हणाले, मी विचारलं असं लिहू नको. तेव्हा बाबांनी विचारलेलं नाही, मी विचारते आहे. मधलं कुणाचं?

बाय


खालचा कोंड
ता. २५ फेब्रुवारी १९३६

चि. महिपत,

हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. तुला चूल नसेल तर खाणावळीच्या चुलीत घाल, पण घाल.

तुझं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. मधलं माझं आहे, सांधा ठाऊक नव्हता म्हणून तिथे रिकामं होतं, तीन दिवस ते रिकामं डोक्यात घेऊन हिंडलो, शेवटी सुचलं ते मास्तरांसमोर गायलो, मास्तरांनी ठिपक्यांत उतरवलं, त्याच्या खाली दुसरे सूर घातले आणि चाळीस जणांत वाटून दिलं. एवढं वाचलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, दार लाव.

आता ते जसं बोलले तसं सांगते. आपले आजोबा पलेगाच्या साली गेले, शिमग्याच्या आधी वीस दिवस. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. सांधा सांगायचा दिवस उजाडलाच नाही. शिमग्याला बाबा देवळात उभे राहिले, पुढचा तुकडा संपला आणि पुढे काही नाही. पाठीमागे सारा गाव. तेव्हा तोंडाला जे आलं ते वाजवलं आणि कसेबसे मागच्या तुकड्याला जाऊन भिडले. वाटलं, उद्या गाव घर सोडायला लावणार. तर दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं दारात येऊन म्हणाली, अगदी बापासारखं वाजवलंस. त्यानंतर अडतीस वर्षं बाबा तेच वाजवत आले, आणि अडतीस वर्षं कुणाला काही बोलले नाहीत. आईलासुद्धा नाही.

तुला द्यायला त्यांच्याजवळ सांधा नव्हता, महिपत. दुसरं काही कारण नव्हतं.

'माझ्या मनचं कायतरी घेऊन देवीचं म्हणून पोराच्या कानात सांगू? आणि ते नाय तर काय सांगू, की तुझ्या बापाजवळ नाय?' असं मला विचारत होते, जसं काही मीच त्यांना उत्तर देणार. त्या दिवशी तुझ्या कानाशी वाकले ते याच पेचात. काही सुचलं नाही तेव्हा सनई काढून घेतली.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. पोरगा सहा वर्षं तिकडे खाणावळीचं खातो आहे आणि तुम्ही इकडे ऐट सांभाळत बसलात, इथून सुरुवात केली एवढं सांगते. खूप बोलले. बाबा खाली मान घालून ऐकत होते. असं त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मलाच पुढे पुढे बोलवेना.

मग हळूच म्हणाले, 'मी नुसतं ठिगळ लावलं होतं गो. त्याचं ठिगळ वाटत नाय.' तंबूतून उठून गेले ते पाठवणी बाहेर वाजली म्हणून नव्हे. अडतीस वर्षं आपल्याला सापडलं नाही ते पोराला सापडलं, हे त्यांना बसून ऐकवेना. आणि मी इकडे तीन महिने तुला देवीच्या कोपाची पत्रं लिहिते आहे. माझं मलाच हसू येतं.

तेव्हा ये आणि तुझंच वाजव. मानकऱ्यांपुढे सांध्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. त्यांना कळलं तर मान जाईलच, शिवाय बाबांना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तू लिहिलं आहेस की मधलं ते चाळीस जणांसाठी बांधलेलं आहे, एकट्या सनईवर ओकंबोकं लागेल. लागलं तर लागू दे. तुझे चाळीस जण आगबोटीत घालून आणू नकोस, एवढ्यांचा भात माझ्याच्याने व्हायचा नाही.

दोन दिवस आधी ये, म्हणजे बापलेकांना बसून बोलता येईल. येणार नसशील तर स्वच्छ तसं लिही. अमुक रेकॉर्डिंग आहे, तमुक रजा देत नाही, असलं मला काही वाचायचं नाही.

बाय


खालचा कोंड
ता. १६ मार्च १९३६

चि. महिपत,

दोन दिवस आधी ये म्हटलं होतं. तू आलास चौदा तारखेच्या सकाळी आणि गेलास चौदा तारखेच्या संध्याकाळी. पाठवणी वाजवून देवळाच्या मागच्या दाराने निघालास तो थेट बंदरावर. तुझ्यासाठी केलेल्या खापरोळ्या मी आणि शिवाकाकाने खाल्ल्या. मला एकही गोड लागली नाही.

सकाळी बाबांशी तुझं जे बोलणं झालं ते मी दारात उभी राहून ऐकलं. सगळंच ऐकलं, कारण ते संपायला वेळ लागला नाही. 'आगबोट वेळेवर होती?' 'होती.' 'सनईची पत्ती भिजवून ठेवली हाय.' 'बघतो.' झालं. सहा वर्षांनी. सगळं मी कागदावर लिहून तुम्हा दोघांच्या हातात घातलेलं, आता फक्त तोंड उघडायचं होतं, तर दोघंही खांबाकडे बघत उभे. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटलं मला.

आणि काल होडीवाल्याने तुझी चिठ्ठी आणून दिली. 'बाबांना आवडलं नाही. मध्ये त्यांचा आवाज ऐकू आला, रागावले असणार. मी आलो, वाजवलं, आता पुन्हा बोलावू नकोस.'

तुला काय कळलं रे? वाजवणाऱ्याचं तोंड देवीकडे. मागे काय झालं ते तू बघितलंस का? तुला बघता येत नाही, म्हणून मी सांगते, आणि हे मात्र चुलीत घालू नकोस.

तू पुढचा तुकडा वाजवलास तो चोख. माणसं टोप्या काढून मागे सरत होती. खाडीपलीकडचे सनईवाले कोपऱ्यात उभे होते, सनया फडक्यात गुंडाळून तयार. तुझं कुठे चुकतं याचीच वाट बघत होते. पुढचा तुकडा संपला. मग तू ते मधलं सुरू केलंस, आणि शिवाकाकाचा सूर खाली सरकला.

महिपत, मला आधी सांगायचंस ना. तो माणूस तीस वर्षं एकाच सुरावर उभा आहे. मला वाटलं त्याला चक्कर आली. तू त्याला सकाळी विहिरीवर शिकवून ठेवलं होतंस हे मला नंतर कळलं, की इथे वरचा सूर सोड, खालचा धर, मग परत वर ये, तुझ्या मास्तरांनी त्या मोठ्या व्हायोलिनांना दिलंय तसं. दोनच सनया, पण देऊळ भरून गेलं. शिवाकाका अजून घाबरलेला आहे. विचारलं की म्हणतो, माझं बोट आपोआप सरकलं, देवीने सरकवलं. त्याला तसंच म्हणू दे.

लोकांना कळलं. अडतीस वर्षं ऐकलेलं ते हे नव्हे, हे बायकांनासुद्धा कळलं. पावलं थांबली. आत्माराम मानकऱ्यांनी मान वर केली आणि बाबांकडे बघितलं. बोलायचं नसतं, म्हणून नुसतं बघितलं, पण प्रश्न सगळ्यांना कळला. खरा सांधा हा का तो, हे गावात एकट्या बाबांना ठाऊक, असंच सगळे समजतात. मग एकेक करून सगळा गाव बाबांकडे बघायला लागला. खाडीपलीकडचेही. बाबा हो म्हणाले तर देवीसमोर खोटं, नाही म्हणाले तर मान गेला, आणि गप्प राहिले तर तू कायमचा गेलास.

बाबा मागे सरत सरत दारापर्यंत आले होते. ते परत पुढे गेले. तुझ्या पाठीमागे चार हातांवर जाऊन उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलंसुद्धा नाही. आणि पाठवणी चालू असताना, जिथे आजवर कुणी खोकलंसुद्धा नाही तिथे, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे मोठ्याने बोलले.

'पोरानं माझ्यापेक्षा बरं वाजवलंन. माझ्या बापाचं कसं होतं ते मी ऐकलेलं हाय, त्याच्यापेक्षाही बरं.'

मानकऱ्यांनी देवीकडे बघून हात जोडले आणि पाऊल मागे टाकलं. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी टाकलं. खाडीपलीकडचे फडकं न सोडताच गेले. मान घरात राहिला. पाठवणीत बोलल्याबद्दल बाबांना देवीपुढे नाक घासायला लावलं ते काल सकाळी, आणि बाबा ते करून मान ताठ ठेवून घरी आले.

तुला हा आवाज ऐकू आला आणि तू समजलास, रागावले. कारण तोंडात सनई, शेजारी ढोल, शब्द काय कळणार. बाबा म्हणतात, गोदे, त्याला काय लिहू नको, डोक्यात हवा जाईल. मी बरं म्हटलं आणि दौत घेऊन बसले. साऱ्या गावाने ऐकलं, महिपत. ज्याच्यासाठी म्हातारा बोलला त्या एकट्याला ऐकू गेलं नाही.

तुझी बाय,
गोदा